पाचवीची मेंदी

डांबरगोळ्यांचा विषय निघाला तेव्हा, खरं सांगायचं तर, विनिताला हायसं वाटलं. नातू आत काचेच्या पेटीत, अंगात परक्याचं रक्त चढवलेलं, आणि आजीला बाहेर हायसं वाटतंय, हे ऐकायला बरं दिसत नाही. पण सकाळपासून नौपाड्यातल्या त्या बालरुग्णालयाच्या बाकावर बसून तिच्या मनाला एकच घोर लागला होता, आपलंच काही चुकलं का. लेकीला, मैथिलीला, बाळंतपणासाठी डोंबिवलीला, आपल्या आईच्या बैठ्या घरी न्यायचा हट्ट तिचाच होता. आणि आता डॉक्टर ज्या वस्तूबद्दल विचारत होत्या ती त्या घरात औषधालासुद्धा सापडली नसती.

"कावीळ फार चढलीय आणि रक्त भराभर फुटतंय," डॉ. उर्वी म्हणाल्या. मैथिलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल ती मुलगी, पण जागरणाने चेहरा पार ओढला होता. "का फुटतंय ते बघतोय. रक्त बदलायच्या आधी एक नमुना पाठवलाय, त्याचा रिपोर्ट दुपारपर्यंत येईल. तोवर मला सांगा, बाळाला डांबरगोळ्यांतल्या कपड्यांत गुंडाळलं होतं का? जुनी लुगडी, दुपटी, ट्रंकेतलं काहीही?"

"आमच्याकडे डांबरगोळ्या नसतातच," विनिता म्हणाली. "आई कपाटात मेंदीची फुलं ठेवते. सुकवून, पुरचुंड्या बांधून. दारातच कुंपण आहे ना मेंदीचं."

हे सांगताना तिच्या आवाजात माहेरचा तोरा आला, आणि तो त्या जागी मुळीच शोभत नव्हता. डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. आतून सिस्टरने हाक मारली तशा त्या दार ढकलून निघून गेल्या.

बाहेर उरली पाच माणसं. व्हीलचेअरवर मैथिली, नऊ दिवसांची बाळंतीण, मांडीवर दुधाची छोटी बाटली घट्ट धरून. दर तीन तासांनी ती दूध काढून आत देत होती, आणि सकाळची बाटली सिस्टरने होती तशीच परत आणून दिली होती. तिच्यामागे उभा तिचा नवरा सूरज. भिंतीला टेकून विनिताचा धाकटा भाऊ आनंद. आणि बाकाच्या अगदी कडेला, निम्मी बाहेर, सूरजची आई रतन. विनिताचे यजमान रवींद्र रक्तपेढीकडे पळाले होते.

"लुगडं," आनंद म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पाचवीला बाळकुमहून लुगडं आलं होतं. बाळाला त्यात घ्या म्हणून. मी स्वतः पिशवी उघडली, वास आला होता मला."

रतन बसल्या जागी अंग आवरून बसली. बाळकुमच्या शेतांवर टॉवर उभे राहिले आणि ती चौदाव्या मजल्यावर राहायला गेली, तरी माणसांत बसताना अजून अंग चोरूनच बसे. या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण विनिताच्या माहेरच्या माणसांत तिला कुणी पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"व्हय, मीच धारलेलं," ती म्हणाली. "माजे सासूचं लुगरं. आमचे घरान समदी पोरां त्यातच गुंडाललीत. पेटीन गोली व्हती, खोटं नाय सांगत. पन मी दोन पान्यांनी धुतलं, उनान टाकलं, मंगच दिलं ना."

"आये, तुला किती वेळा सांगितलेलं मी," सूरज म्हणाला. आवाज चढवला नाही, पण शब्द दातांतून आले. "नवीन कपडे घेऊ. सगळं घेऊ. तुझं आपलं लुगडं, लुगडं."

"मीच गुंडाळलं त्याला," मैथिली बाटलीकडे बघत म्हणाली. "मला कुणीतरी सांगायचं ना. मला काय माहिती."

विनिता गप्प राहिली. ते लुगडं पूजेपुरतं, तासभर बाळाच्या अंगावर होतं. पूजा आटोपल्यावर तिनेच ते काढून घेतलं, जुनाट वास येतो म्हणून नाक मुरडलं, बाळाला आपल्या मलमलीच्या पातळात घेतलं आणि बाळकुमचं लुगडं घडी करून माळ्यावर टाकून दिलं. हे एवढं सांगितलं असतं तर रतनवरचं निम्मं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. विनिताने सांगितलं नाही. वाईट बाई नव्हती ती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला दोष दुसऱ्याच्या दारात पडलेला दिसला की तो उचलून परत आणावासा वाटत नाही.

रतन उठली. कुणाला काही न बोलता लिफ्टजवळच्या एकट्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. तिच्यामागे कुणी गेलं नाही, तिचा मुलगासुद्धा.

बारशाच्या नावावरूनही असंच झालं होतं. रतनला नातवाचं नाव सहदेव ठेवायचं होतं, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं. विनिता तेव्हा हसली होती. "अहो रतनताई, शाळेत पोरं चिडवतील त्याला," असं म्हणून तिने मोबाइलवर चार गोंडस नावं काढून दाखवली होती. रतनने ती नावं चष्मा लावून नीट वाचली आणि "तुमाला आवरंल तां ठेवा," म्हणून विषय सोडून दिला. बारसं परवावर आलं होतं.

दुपारी विनिताचा फोन सारखा वाजत होता. आईचा फोन. मंदाकिनीबाई एकदा विचारायला लागल्या की उत्तर घेतल्याशिवाय सोडत नसत. तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं होतं, सवयच ती. विनिताने एकदाच उचलला.

"सुधारतोय का?"

"बघतायत, आई."

"मी आणखी पाला काढलाय. वाटून ठेवते. कुणाला तरी पाठव न्यायला."

"बरं," असं म्हणून विनिताने फोन ठेवला. त्या घडीला तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे नंतर तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

डॉ. उर्वी रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा मैथिली पेंगुळली होती. सूरजने तिला हलवून जागं केलं. डॉक्टरांनी कागद उघडलाच नाही.

"बाळाच्या रक्तात एक एन्झाइम कमी आहे. जी-सिक्स-पीडी म्हणतात. एरवी अशी मुलं अगदी नॉर्मल असतात, पण काही ठरावीक गोष्टी अंगात गेल्या की त्यांच्या लाल पेशी फुटतात. डांबरगोळी त्यातली एक, म्हणून मी सकाळी विचारलं. काही औषधं असतात." त्या थांबल्या. "आत्ता सुई बदलताना त्याच्या पायाच्या पट्ट्या काढल्या. पाय केशरी आहेत. अगदी गुडघ्यापर्यंत. मेंदी कुणी लावली?"

"पाचवीची," विनिता म्हणाली. "आमच्यात लावतात. घरच्या झाडाची असते, डॉक्टर, त्यात केमिकल वगैरे काही नसतं. नुसता पाला आणि पाणी."

"घरची असो की विकतची, पाल्यातच ते असतं. मोठ्यांना काही होत नाही. पण अशा बाळाची कातडी पातळ, अंग एवढंसं. ते थेट रक्तात जातं. किती वेळा लावली?"



"दोनदा," मैथिली म्हणाली. "पाचवीला पावलांना आणि हातांना. मग तो जास्त पिवळा दिसायला लागला, तर आजी म्हणाली, मेंदी थंड असते, कावीळ ओढून घेते. मग दुसऱ्या दिवशी परत लावली. गुडघ्यापर्यंत."

"लघवी काळपट कधीपासून?"

"त्याच्यानंतर."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना आता विचारायचं फारसं राहिलं नव्हतं, पण एक प्रश्न होता. "हे आईकडून येतं. बायकांना सहसा त्रास होत नाही, पण त्यांच्या मुलग्यांत उतरू शकतं. मैथिलीच्या आईच्या माहेरी कुणी मुलगा असा तान्हेपणी गेला होता का?"

विनिताने आनंदकडे पाहिलं. आनंद खाली मान घालून फरशीकडे बघत होता.

"होता," ती म्हणाली. "आईचा पहिला."

ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की त्यात दुःख असं उरलं नव्हतं, नुसता धडा उरला होता. मंदाकिनीबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कल्याणला गेल्या. तिथेही दारात मेंदीचं कुंपण. मुलगा झाला, गोरापान. पाचवीला आईने पाला वाटून दिला आणि मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या हाताने बाळाच्या तळपायांना बोट बोट मेंदी लावली. मुलगा पिवळा पडत गेला आणि बारशाआधीच गेला. तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या बायकांचं, ज्यांचं कशावर म्हणून एकमत होत नसे, एका गोष्टीवर झालं. मेंदी कमी पडली. हात आखडता घेतला पोरीने, सटवाईचं मन भरलं नाही. पुढे विनिता झाली. मग आनंद झाला तेव्हा मंदाकिनीबाईंनी त्याला गुडघ्यांपर्यंत माखून काढला, आणि आनंद खणखणीत वाढला. त्यानंतर त्या घरात मेंदीला कुणी प्रश्न विचारला नाही. आनंद हाच पुरावा होता. प्रत्येक पाचवीला त्याला मस्करीत पुढे उभं करत, हा बघा, भरपूर मेंदीचा मुलगा.

आता तो पन्नाशीचा पुरावा भिंतीला टेकून उभा होता.

"वाचेल ना?" सूरजने विचारलं.

"आम्ही सगळं करतोय," डॉ. उर्वी म्हणाल्या. "पण तो आता अंग मागे ताणतोय. कावीळ मेंदूपर्यंत गेली की असं होतं. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

त्या आत गेल्या. मग मैथिलीने व्हीलचेअरच्या चाकांवर हात ठेवले. सूरज ढकलायला पुढे झाला तर तिने त्याला हाताने अडवलं आणि स्वतःच, टाके ओढत असणार, इंच इंच करत लिफ्टजवळच्या खुर्चीपाशी गेली. रतनच्या मांडीवर तिने डोकं ठेवलं. "आई, तुमचं लुगडं नव्हतं," ती म्हणाली. "आम्हीच केलं. आमच्या घरच्यांनी."

रतनने काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "गप, बाय. गप. वल्ली बालंतीन तू, रडू नको."

विनिता दोन पावलं पुढे गेली. काय बोलायचं ते तिचं ठरलं नव्हतं.

"आई, तू घरी जा," मैथिली मान न उचलता म्हणाली.

"मैथिली, अगं..."

"प्लीज जा. मला तुझे हात दिसतायत."

विनिताने हात पदराखाली घेतले. पाला तिने वाटला होता, त्याचा रंग बोटांच्या पेरांना आणि नखांना अजून तसाच होता.

जिन्यापाशी सूरजने तिला गाठलं. तो चांगला मुलगा होता, आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. "आई, आजीला सांगायला पाहिजे. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला लावतील त्या."

"काही गरज नाही," आनंद मध्ये पडला. "ऐंशीची आहे ती. तिला मारायचंय का?"

"मामा, माझा मुलगा मरतोय आत," सूरज म्हणाला, आणि परत फिरला.

आनंदने गाडी काढली. शिळफाट्याकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "कावीळ होती, मोठी होती, एवढंच सांगायचं. पहिल्याचं नाव काढायचं नाही."

"ती तिथे तिसऱ्या वेळेसाठी पाला वाटतेय, आनंद."

"मग सांग डॉक्टरांनी मनाई केलीय. बाहेरचं काही लावू देत नाहीत म्हण. सोपं आहे."

"आणि मैथिलीचं पुढचं मूल?"

"तोपर्यंत आई असणारेय का?" हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं असावं, कारण मग डोंबिवली येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. घराशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण पट्टा सोडला नाही. "तू जा. मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. मला बघितलं की तिला तेच आठवणार."

कुंपण फुलावर आलं होतं. बारीक, मळकट पांढऱ्या फुलांचे घोस, आणि वास फाटकाच्या अलीकडेच अंगावर येणारा. विनिताला कळायला लागल्यापासून ते कुंपण तिथेच होतं. आईने कल्याणहून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि ज्येष्ठात फाटकापासून विहिरीपर्यंत खोचल्या. पहिला पावसाळा काय ते पाणी मिळालं असेल. मग टँकरच्या रांगा लागल्या, शेजाऱ्यांचे गुलाब जळाले, कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याला रोज वेगळा रंग चढला, विहीर बुजवली, मेंदीचं काही वाकडं झालं नाही. गुरं तोंड लावत नाहीत, कीड लागत नाही, छाटली की दुपटीने फुटते. कॉलनीतल्या कितीजणींनी तिच्या फांद्या नेल्या होत्या. झोप येत नाही म्हणणाऱ्याला आई उशीत घालायला फुलं देई. विनितानेही नेली होती, आणि झोप लागलीही होती.

मंदाकिनीबाई मागच्या पडवीत पाट्यापुढे बसल्या होत्या. गुडघ्यांपायी ज्यांनी वर्षानुवर्षं देवपूजासुद्धा स्टुलावर बसून केली, त्या जमिनीवर बसून वरवंटा ओढत होत्या. बाजूला वाटीवर मलमलीचं फडकं ताणून बांधलेलं, हिरवा लगदा त्यातून गाळायचा.

"आलीस? बरं झालं. हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सिस्टरला सांग, या वेळी मांड्यांनासुद्धा लावा. आणि टाळूवर थोडी."

"आई, हात धू. उठ आधी."

"का? काय झालं?"

"डॉक्टर बाहेरचं काही लावू देत नाहीत." गाडीत पाठ केलेलं वाक्य विनिताने एका दमात म्हटलं. "मोठी कावीळ आहे. रक्त बदललं त्याचं."

मंदाकिनीबाईंचा वरवंटा थांबला. "रक्त बदललं म्हणजे? फुटत होतं?"

विनिताने वाटी बाजूला सरकवली.

"लंगोट कसे होते? मला मैथिली दाखवत नव्हती. काळपट होते?"

"हो."

"चहाच्या पाण्यासारखे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्या. "विनू, इकडे बघ. माझ्या पहिल्याचे तसेच होते. मी कुणाला बोलले नाही, मला वाटलं पहिलटकरणीला काय कळतंय. काय म्हणाले डॉक्टर? खरं सांग."

आणि विनिताने सांगितलं. का सांगितलं, हे तिला कधीच नीट उमगलं नाही. कदाचित ते एकटीने पोटात ठेवण्याची ताकद तिच्यात नव्हती म्हणून असेल. आईसमोर उकिडवं बसून तिने सगळं सांगितलं. रक्तातली कमतरता, ती आईकडून मुलग्यांत उतरते ते, आणि मेंदी.

मंदाकिनीबाईंनी मध्ये एकच विचारलं. "आनंदला?"

"आनंदला ती कमतरता नव्हतीच, आई. म्हणून त्याला काही झालं नाही. मेंदीने नाही वाचला तो."

"आणि पहिल्याला होती."

"असणार."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मंदाकिनीबाईंनी वरवंट्याला चिकटलेला पाला बोटाने निपटून काढला आणि पुन्हा पाट्यावर ठेवला. ते काम संपल्यावर त्यांच्या हातांना काही काम उरलं नाही.

"कमी लावलीस म्हणाले," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, माझी आई म्हणाली. मलाही पटलं. इतकी वर्षं रात्री जाग आली की मी हाच हिशेब करायचे, थोडी जास्त लावली असती तर. अजून एक बोट लावलं असतं तर." त्या थांबल्या. "म्हणून या वेळी जास्त लावली."

"वाटली मी होती, आई."

"तू नको त्यात येऊस."

त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी मेंदी कधी भिजवली नव्हती. कुणी सक्ती केली नव्हती, त्यांनीच सोडली होती. पण बाळाला लावताना बोटांना जो रंग लागे तो आपला, असं त्या हसून म्हणत, आणि पाचवीच्या संध्याकाळी शेजारणींना हात दाखवत फिरत. चार दिवसांपूर्वी याच पडवीत त्यांनी रतनलाही दाखवले होते. विहीणबाई, बघा कसा चढलाय.

"किती जणींना फांद्या दिल्या मी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. रडणं आवाजाचं नव्हतं. सगळं अंग हलत होतं आणि तोंडातून काही येत नव्हतं. विनिताने त्यांना धरलं. आईने दोन बाळांना आपल्या हाताने मरणाकडे लोटलं होतं, त्यातल्या दुसऱ्याला पहिल्याच्या आठवणीपायी, आणि दोन्ही वेळा जीव ओतून.

बऱ्याच वेळाने मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले. हिरवं बोट गालाला लागलं. "त्याचं नाव ठेवलंत का?"

"परवा बारसं होतं ना, आई."

"परवाचं काय सांगतेस मला? आत्ता ठेवा. फोन कर. कुणीतरी आत जाऊन त्याच्या कानात सांगा." त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "माझं पोर बिननावाचं गेलं. कल्याणच्या खाडीवर नेलं तेव्हा ह्यांना कुणीतरी विचारलं, नाव काय बाळाचं. तर हे म्हणाले, नाही ठेवलं. मी ठेवलं होतं, विनू. मनात ठेवलं होतं. विनीत. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. मग दोन वर्षांनी तू झालीस, तर म्हटलं, वाया नको जायला."

विनिता आईकडे बघत राहिली. बावन्न-त्रेपन्न वर्षं ती हे नाव अंगावर वागवत होती. शाळेत, लग्नपत्रिकेत, दारावरच्या पाटीवर. ते आधी दुसऱ्या कुणाचं होतं, हे तिला आज, या पाट्यासमोर कळत होतं. पण त्याचं दुःख करायलाही आत्ता सवड नव्हती.

"कर फोन," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मैथिलीने उचलला नाही. सूरजचा लागला नाही. विनिता क्षणभर थांबली आणि तिने रतनला लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"रतनताई, मी विनिता. मी सकाळी एक बोलले नाही. तुमचं लुगडं मी तासाभरातच काढून ठेवलं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला नंतर काय बोलायचं ते बोला. पण आधी एक करा. तुम्ही आत जा आणि त्याचं नाव ठेवा. आत्ता लगेच. कानात सांगा त्याच्या."

पलीकडे कुठेतरी दार लागलं. कुणीतरी मोठ्याने रडत होतं, आणि तो आवाज मैथिलीचा आहे हे विनिताला कळायला थोडा वेळ लागला.

"ताई," रतन म्हणाली, "सिस्टर बी तांच इचारते. नाव काय लिवू म्हनून. कागदावर लिवाया लागतं बोलते." तिने श्वास घेतला. "गेला ना तो. आताच गेला. सूरज कायपन बोलत नाय, पोरगी बोलत नाय. मी काय सांगू तिला?"

विनिताने डोळे मिटले. मेंदीच्या फुलांचा वास पडवीभर कोंदला होता. डोळे उघडले तेव्हा आई समोरच होती, भिंतीचा आधार घेऊन उभं राहण्याच्या खटपटीत, नजर तिच्या तोंडावर खिळलेली.

"सहदेव," विनिता फोनमध्ये म्हणाली. "सहदेव लिहायला सांगा, रतनताई. पूर्ण नाव लिहा."

पलीकडे रतन ते नाव सिस्टरला सांगताना ऐकू आली. फोन मात्र तिने ठेवला नाही.

"सहदेव," मंदाकिनीबाईंनी म्हणून पाहिलं. "चांगलं आहे. जुनं आहे, पण चांगलं आहे. कानात सांगितलं ना नीट? ऐकलं ना त्याने?"

"हो, आई," विनिता म्हणाली. "ऐकलं."